गेणू आबाचं उजवं वळण

पळसदेवात गेणू आबाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याविषयी दोघांचं एकमत होईल असंही नाही. कुणी म्हणतं देवमाणूस, कुणी म्हणतं आडमुठा. बायको प्रयागबाई म्हणते, दोन्ही खरं, फक्त वार बघून ठरवायचं. उजनी धरणाच्या पाण्यावर त्यानं पस्तीस वर्षं होडी चालवली. चिलापी मासळी धरली, पलीकडच्या काठाची माणसं आणली-नेली, शेरडं नेली, एकदा तर बँडवाल्यांसकट नवरदेव नेला. गुडघे बोलायला लागले तशी होडी त्यानं पोराच्या, संभाजीच्या, ताब्यात दिली. अशा वयात माणूस कट्ट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो. आबानं नातीला पळायला शिकवायचं काढलं. स्वतः तो जन्मात शर्यत पळाला नव्हता.

त्याचं असं झालं. धरलेले मासे भिगवणच्या बाजारात न्यायला एक टेम्पो हमरस्त्यावर यायचा आणि सातच्या ठोक्याला निघून जायचा. होडी काठाला लागेस्तोवर कधी पावणेसात, कधी सातला पाच कमी. काठापासून रस्ता चांगला दीड किलोमीटर, तोही चढाचा. मासळीचे क्रेट घेऊन वर जाईस्तोवर टेम्पो जाणार हे ठरलेलं. म्हणून संभाजीची मोना, तेव्हा पाचवीत होती, होडी दिसली की काठावरून सुटायची ती थेट टेम्पोपुढं जाऊन उभी राहायची. टेम्पो अडवणं हेच तिचं काम. ड्रायव्हर कुंडलिक वैतागायचा, पण थांबायचा. एक दिवस तो आबाला म्हणाला, की आबा, उद्यापासून मासळी पोरीच्याच डोक्यावर द्या, भिगवणला माझ्या आधी पोचंल.

आबा हसला. पण घरी येईपर्यंत त्याचं हसू ओसरलं आणि डोकं चालायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सुनेचा मोबाइल मागून घेतला आणि त्यातल्या घड्याळावर पोरीची वेळ लावली. वेळेतलं त्याला फार कळलं नाही. त्याला कळलं ते दुसरंच. दीड किलोमीटर चढ पळून गेल्यावरही कुंडलिकशी भांडायला पोरीकडं दम शिल्लक असायचा.

आता पळवायचं कुठं? शाळेचं पटांगण एवढंसं, झेंड्याच्या खांबाला वळसा घातला की संपलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. पण मार्च सरत आला की उजनीचं पाणी मागं हटतं आणि खालचं जुनं गाव उघडं पडायला लागतं. आबा ऐन तारुण्यात असताना ते गाव पाण्यात गेलं होतं. गावानं देव उचलून वर नव्या वस्तीत आणला, त्या उचलणाऱ्या हातांत आबाचेही हात होते. देऊळ मात्र खालीच राहिलं. पावसाळ्यात त्याचं नुसतं शिखर दिसतं, उन्हाळ्यात हळूहळू खांदे, कंबर, पाय. मग त्याच्या भोवतीचा गाळ वाळतो, वर भाकरीसारखा पापुद्रा धरतो आणि खाली मऊ राहतो. आबानं एका ठेकेदाराकडून शंभर फुटी टेप मागून आणला, देऊळ मधे धरून चारशे मीटरचं गोल रिंगण आखलं आणि चुन्यात बुडवलेले दगड कडेनं मांडले.

पहिल्या दिवशी मोनानं विचारलं, कुणीकडनं पळू? आबाला प्रश्नच कळला नाही. देवळाभोवती माणूस फिरतो तसं फिरायचं, देव उजव्या हाताला ठेवून. त्यात विचारायचं काय? बघायला आलेल्या एका शहाण्यानं तेवढ्यात टोकलं, की महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, अर्धीच घालतात. त्यावर आबाचं उत्तर तयार होतं.

"देव वर नेला की आमी. हितं नुसता दगूड ऱ्हायलाय. पुरी घातली तर चालती."

मग देवच नाही तर कुणीकडनंही फिरलं तर काय बिघडलं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. सुचलं असतं तर ही सगळी गोष्ट तिथंच मिटली असती.

आबाची शिकवायची तऱ्हा होडीवाल्याची. काठ सोडताना जोर लावायचा नाही, वारा मधे उठतो, जोर तिथं लागतो, हे तो पोरीला रोज ऐकवायचा. ती थकून पावलं आखूड टाकायला लागली की तो दगडावर बसूनच ओरडायचा, "वल्हं लांब मार, मोने, वल्हं लांब." पळताना बोलायचं नाही. पळून झाल्यावर बसायचं नाही. घरी आल्यावर बाजरीची भाकरी आणि चिलापीचं कालवण. हा झाला त्याचा सगळा अभ्यासक्रम, आणि तो बिनचूक चालला, एक गोष्ट सोडून.

ती एक गोष्ट उघडी पडली इंदापूरच्या तालुका स्पर्धेत. मैदानावर फक्कीनं रेषा मारल्या होत्या आणि सगळ्या पोरी डाव्या हाताला वळत होत्या. मोना सरळ रेषेत अशी सुटली की पाहणारे उभे राहिले, पण वळण आलं की ती बाहेर फेकली जायची, भरलेली ट्रॉली वळणावर ट्रॅक्टरला ओढून नेते तशी. पहिल्या पट्ट्यातली पोर तिसऱ्या पट्ट्यात. बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस मीटर जास्त पळून ती दुसरी आली.

त्या दिवशी पंच म्हणून बारामतीहून विजयमाला मॅडम आल्या होत्या. माध्यमिक शाळेत खेळ शिकवायच्या, आणि शाळा सुटल्यावर तालुक्याच्या मैदानावर पाच-पंचवीस पोरापोरींना पळवायच्या. स्वतः मोरगावकडच्या कोरडवाहू घरातल्या, एके काळी राज्यापर्यंत पळालेल्या. त्यांनी गर्दीत विचारलं, या पोरीला शिकवतं कोण? आबा पुढं झाला. मॅडमनी त्याच्या टोपीकडं पाहिलं, पायांतल्या टायरच्या चपलांकडं पाहिलं आणि हसल्या नाहीत. तेवढ्यावरच आबा त्यांचा झाला.

आठवीला मोना बारामतीला गेली. तिथं आत्याचं घर होतं, आणि मॅडमचं मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर. शनिवारी एसटीनं ती घरी यायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की अडीच महिने पळसदेवात, आबाच्या रिंगणात. बारामतीला डावं, गावाला उजवं. नवी सून सासरी एक बोलते आणि माहेरी एक, तसं तिचं चाललं होतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आठवीच्या सुट्टीत मॅडम स्कूटरवरून पळसदेवाला आल्या. आबाचं रिंगण पाहून त्या खरोखर खूश झाल्या. असली मऊ जमीन बारामतीत मागून मिळणार नाही, म्हणाल्या. मग चपला काढून स्वतः एक फेरा पळाल्या आणि थांबल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जमीन पाण्याकडं उतरती आहे, आणि दिशा उलटी आहे. दोन्ही मिळून पोरीचा एकच पाय राबतो. आता ती मोठी होतेय, अंतर वाढणार, वेग वाढणार, तर इथून पुढं तिला डाव्या हातानं पळवा. निदान निम्मं निम्मं तरी करा. आबानं तिथंच, देवळासमोर, शब्द दिला. उद्यापासून डावं.

दुसऱ्या दिवशी मोनानं डाव्या हातानं पळायला सुरुवात केली. आबा नेहमीच्या दगडावर बसला होता. पोर अर्ध्या फेऱ्यावर गेली आणि तो दगडावरून उठला. आपल्यात असं डावं फिरतात ते एकाच वेळी. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन, चितेभोवती. याच काठावर, वर थोडं चिंचेपाशी, तो आपल्या बापासाठी असा फिरला होता. आणि आता समोरून नात येत होती, घामानं भिजलेली, हसरी, डाव्या हातानं. त्यानं हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाला, जाऊ दे मोने, आपलं आहे तेच बरं आहे. मॅडमना बोलू नको.

मोना नाही बोलली. मॅडमचा दर आठवड्याला फोन यायचा. आबा, डावं चाललंय ना? आबा म्हणायचा, व्हय. एकदा खोटं बोलताना जीभ अडखळली, दुसऱ्यांदा कमी अडखळली, आणि पुढं तर 'व्हय' हा शब्द आपोआपच यायला लागला. असे तीन उन्हाळे गेले.

या तीन वर्षांत पोरगी कुठल्या कुठं गेली. राज्य स्पर्धेत आठशे मीटरला पहिली. मग मॅडमनी तिला पंधराशेला आणलं. दम हीच जिची कमाई तिनं लांबचं पळावं, असं त्यांचं म्हणणं. सतरा पुरी व्हायच्या आत राष्ट्रीय युवा स्पर्धेत तिसरी आली, चार मिनिटं चौतीस सेकंद. इंदापुरात फेटा बांधून सत्कार झाला. हमरस्त्यावर फ्लेक्स लागला. प्रयागबाईला मुद्दाम दाखवायला नेलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि तिनं विचारलं, "ह्यात पोरगी कुठाय?" चौदा पुढाऱ्यांच्या खाली, कोपऱ्यात, तिकिटाएवढी मोना होती.

पुढच्या साली पुण्यातल्या शिबिरातून बोलावणं आलं. देशभरातल्या निवडक पोरी तिथं तयारीला होत्या. एप्रिलच्या शेवटी निवड चाचणी, आणि त्यातून दोघी जूनमध्ये आशियाई ज्युनियर स्पर्धेला ताश्कंदला जायच्या. ताश्कंद हे गाव भिगवणच्या पुढं किती, असं कुणीतरी कट्ट्यावर विचारलं तेव्हा आबानं मोठ्या रुबाबात सांगितलं, की विमानानं जावं लागतं, त्यात किलोमीटर मोजत नाहीत.

फेब्रुवारी संपता संपता मोनाचा फोन आला. उजव्या नडगीत दुखतंय. शिबिरातल्या डॉक्टरांनी फोटो काढले, मशीनमध्ये घातलं, हाडाला काही नाही म्हणाले. आठ दिवस विश्रांती दिली. विश्रांतीत दुखणं गेलं, पळायला लागली की परत आलं. बूट बदलले, बर्फ लावला, अंतर कमी केलं. शिबिराचे मुख्य प्रशिक्षक चांगले होते, पण त्यांच्याकडं वेळ नव्हता. मार्चअखेर दुखणं हटलं नाही तर तिच्या जागी दुसरी पोर बोलवावी लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

आबानं एकच विचारलं. "सारखं दुखतंय का कवातरी?"

"सरळ पळताना न्हाय, आबा. वळणावर. जोरात असली की."

आबानं फोन ठेवला आणि तो गोठ्यात जाऊन बसला. त्याला डॉक्टरची गरजच नव्हती. त्याच्या बापाकडं बैलं होती. जुवाला उजवीकडं चालायला शिकलेला बैल आयुष्यभर उजवीकडंच जुंपायचा. त्याला डावीकडं घातला की दोन दिवस तो निभावतो, आठ दिवसांत अंग धरतो, आणि नवखा माणूस त्याचा खूर तपासत बसतो. खुराला काही नसतं. आबानं पोरीला सहा उन्हाळे उजवीकडं जुंपलं होतं. रिंगणाच्या बाहेरच्या अंगाला डावा पाय, सगळा रेटा त्यानं दिलेला. आता शिबिरात रोज सकाळ-संध्याकाळ डावी वळणं, तीही जिवाच्या करारानं, आणि रेटा देणार कोण, तर ज्याला कधी सवयच लावली नाही तो उजवा पाय.

सांगून टाकलं तर पोरीवर नीट इलाज होणार, हे त्याला उमगत होतं. पण सांगायचं म्हणजे मॅडमसमोर उभं राहायचं. जी बाई त्याच्या चपलांना हसली नाही, तिला म्हणायचं, की तीन वर्षं तुमाला फसवलं. आणि मग सगळ्या तालुक्यात होणार, की गेणू आबाच्या अडाणीपणानं पोरीचा पाय गेला. मोनाही शिबिरात काही बोलली नव्हती. तयारी कुठं केली असं विचारलं की ती बारामती सांगायची, आणि पळसदेव गिळून टाकायची.

चार दिवस आबाची भाकरी ताटात उरत होती. पाचव्या दिवशी प्रयागबाईनं ताट उचललं नाही, समोर बसली.

"पाय पोरीचा दुखतोय का तुमचा?" तिनं विचारलं.

आबानं मग सगळं सांगितलं. शब्द दिलेला, शब्द मोडलेला, चिंचेपाशीचं ते मडकं, सगळं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तीन वर्सं वरनं बघती मी. मला वाटलं, ह्यास्नी कवातरी सांगावंसं वाटंल."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी ऐकलं असतं व्हय?" तिनं ताट उचललं. "सकाळी पहिली एसटी सव्वासहाला हाय. धोतर धुतलेलं हाय."

बारामतीच्या मैदानावर तो पोचला तेव्हा मॅडम गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना रांगेत उभं करत होत्या. आबाला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, घरात कुणाचं काही झालं. आबानं टोपी काढून हातात धरली.

"मॅडम, मी तुमाला तीन उन्हाळं खोटं बोललो. पोरीला एक दिस बी डावं पळिवलं न्हाय."

त्यांना लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. पोरं रांगेत तशीच उभी. आबाही उभा. परत आल्या तेव्हा त्यांची शाळेतली भाषा गेली होती आणि मोरगावची आली होती.

"महिना झाला, आबा. रोज तिची वही काढून बसती मी. माझंच कुठंतरी चुकलं म्हून. कुठल्या आठवड्यात जास्त पळिवलं, कुठं बूट चुकला. रातच्याला झोप न्हाय मला."

हे आबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपली लाज तेवढी त्यानं मोजली होती. दुसरं कुणी आपल्या चुकीचं ओझं घेऊन बसलं असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. मग चितेचं सांगितलं. का जमलं नाही ते सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा राग निवत नव्हता, पण त्याला बसायला जागा मिळेना.

"मी बी मोरगावची हाय," त्या म्हणाल्या. "देवाला उलटं फिरवा म्हणायला मला तरी हौस हुती व्हय? मला सरळ सांगायचं, जमत न्हाय. देवळापास्नं दोनशे पावलं लांब दुसरं रिंगण आखलं असतं. मदी देव न्हाय, दगूड न्हाय, काय न्हाय. गाळ काय थोडा हाय का तितं?"

एवढा मोठा उघडा गाळ, मैलभर पसरलेला. सहा वर्षांत आबाला एकदाही सुचलं नव्हतं, की रिंगणाच्या मधे देऊळ असलंच पाहिजे असं काही नाही.

"हे डोस्क्यातच आलं न्हाय बगा," तो म्हणाला.

मॅडमना हसू आलं. त्यांनी ते शिट्टीमागं लपवलं, पोरांना सुट्टी दिली आणि दुपारच्या गाडीनं दोघं पुण्याला निघाली.

शिबिराचे प्रशिक्षक हिंदी बोलणारे. देऊळ, प्रदक्षिणा, उतरता गाळ, यातलं त्यांना सुरुवातीला काहीच लागेना. मग मॅडमनी कागदावर रिंगण काढलं आणि बाण दाखवला. प्रशिक्षकांनी तो कागद फिरवून फिरवून पाहिला. पायांवर उपचार करणारी फिजिओ, पंचविशीतली पोरगी, ती मात्र खुर्ची ओढून आबाच्या समोर बसली. जमीन किती उतरती, विचारलं. आबानं तिचीच पाण्याची बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि एका अंगानं बोटभर उचलून दाखवली. दिवसाला किती फेरे, वर्षाला किती महिने, सगळं ती लिहून घेत होती. बैलाचं जू तिला आबानं समजावलं तेव्हा तर तिनं वहीत चित्रच काढलं.

मग मोनाला बोलावून तिनं एका पायावर उड्या मारायला लावल्या. डाव्या पायावर एकतीस झाल्या. उजव्यावर बाराव्या उडीला ती बसली.

इलाज काही जगावेगळा नव्हता. वळणं बंद. फक्त सरळ पळायचं, गवतावर. उजव्या पायाला वेगळे व्यायाम, रोज तास-दीड तास, कंटाळा येईल असे. तीन आठवड्यांनी मोठी वळणं, मग लहान. चाचणीपर्यंत वेळ पुरेल का, हे फिजिओनं सांगितलं नाही. प्रशिक्षकांनी मार्चअखेरची मुदत मागं घेतली, एवढं झालं.

हे सगळं होईस्तोवर मोना आबाशी एक अक्षर बोलली नव्हती. बाहेर बाकड्यावर दोघं बसली तेव्हा ती चिडूनच म्हणाली, "तुमी कशाला आला? मी गप बसले हुते ना."

"का बसलीस?"

"हसतील तुमाला. ह्या पोरींचे कोच बगा, कुणी हरयाणाचं, कुणी केरळचं. मी काय सांगू, माझ्या आबानं मला देवळाभोवती पळिवलं?"

आबानं तिची उजवी नडगी दोन्ही हातांत धरली आणि अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत गेला. होडीत उतरताना पाय मुरगळला की तो असाच चोळायचा.

"हसू दे की," तो म्हणाला. "माझं हसं पंधरा दिस टिकंल. मग लोकांस्नी दुसरा कुणीतरी घावंल. तुझा पाय गेला तर तो काय पंधरा दिसांनी परत येतोय व्हय?"

मोनानं पाय त्याच्या हातातून काढून घेतला नाही.

निवड चाचणीला आबा गेला नाही. आपण दिसलो की ती आपल्याकडं बघेल आणि वळण चुकेल, असं त्याचं म्हणणं. मॅडम गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा आबा चारा कापत होता. मोना दुसरी आली होती, चार तेवीस. पहिल्या तीन फेऱ्यांत ती पाचव्या जागेवर होती आणि पट्ट्याच्या आतल्या कडेला गोचिडासारखी चिकटून होती, एक पाऊल बाहेर नाही. आबानं विचारलं, पाय? मॅडम म्हणाल्या, बरा दिसला, पण चाचणी ही एकच शर्यत. ताश्कंदला आधी प्राथमिक आणि तिसऱ्या दिवशी अंतिम, दोन शर्यती जिवाच्या. दुखणं परतलं तर ते तिथंच परतेल.

म्हणून जूनमधल्या त्या संध्याकाळी संभाजीच्या ओसरीवर सगळी आळी जमली तरी आबाचा जीव जागेवर नव्हता. प्राथमिक फेरीतून मोना पुढं गेली होती. पण त्यानंतर तिचा फोन नाही, शिबिराच्या शिस्तीत फोन बंद. मोबाइल स्टीलच्या तांब्याला टेकवून पाटावर ठेवला होता. कुंडलिक मुद्दाम टेम्पो लावून आला होता आणि चित्र अडकलं की जो तो एकमेकाला मागं सरकायला सांगत होता, जणू माणसांमुळंच नेटवर्क अडतंय.

बारा पोरी सुटल्या. त्यातली आपली कुठली हे ओळखेपर्यंत एक फेरा गेला. कुंडलिक आठवी म्हणाला, संभाजी नववी. आबानं जागा मोजलीच नाही. तो एका पायाकडं बघत होता. वळण आलं की पुढं वाकून, डोळे बारीक करून, तो उजवं पाऊल बघायचा. पाऊल पडलं, रेटा दिला, उचललं. पुढचं पडलं. लंगडतंय का? नाही. दुसरं वळण. पडलं, उचललं. घंटा झाली, शेवटचा फेरा. चित्र अडकलं. चित्र सुटलं तेव्हा पोरी शेवटच्या वळणात होत्या आणि निळ्या कपड्यातली एक बाहेरच्या अंगानं वर चढत होती, दोघींना ओलांडून. वळणावर ओलांडायचं म्हणजे सगळा भार उजव्या पायावर.

मोना पाचवी आली. चार एकवीस. पदक नाही मिळालं. कुंडलिकनं तरीही हॉर्न वाजवला आणि गोठ्यातली म्हैस बिथरली.

फोन आला तासाभरानं. संभाजी बोलला, सून बोलली, मग आबाच्या कानाला लावला. पलीकडं गोंगाट होता आणि मोनाला अजून धाप होती. ती म्हणत होती, आबा, वेळ बघितली का, माझी आजवरची सगळ्यात भारी वेळ.

"उजवी नडगी?" आबानं विचारलं.

"न्हाय दुखत."

"वळणावर?"

"वळणावर बी न्हाय, आबा. दोघींना वळणावरच मागं टाकलं, दिसलं का न्हाय?"

आबाला दिसलं होतं. ते सांगायच्या आधी त्यानं टोपी काढून डोळ्यांना लावली. फोन कानाला तसाच. पलीकडून मोना आबा, आबा करत होती. प्रयागबाईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"ऐकू येतंय त्यांस्नी," ती म्हणाली. "डोळं पुसाय लागल्यात. तू सांग मला, मी सांगती."